गप्प बसणाऱ्यांना कोण विचारतो?

मत प्रत्येकाला एकच असते, पण प्रत्येकाच्या मताचे वजन सारखे नसते. दिल्लीतील सीलबंदीने हेच दाखवून दिले. निवासी जागेत नियमबाह्य चालणाऱ्या दुकानांना सील ठोका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये दिला. व्यापारी संघटनांनी बाजार बंद ठेवले, रस्ते अडवले. पुढच्याच वर्षी महापालिकेची निवडणूक होती. मग काँग्रेस असो वा भाजप, व्यापाऱ्यांना दुखावणार कोण? मे महिन्यातच संसदेने एका वर्षाची सूट देणारा कायदा केला. सप्टेंबरमध्ये दोन हजारांहून अधिक रस्त्यांवर दुकानांना मुभा मिळाली. ‘एका वर्षाची’ ती सवलत नवनव्या कायद्यांनी लांबतच गेली. डिसेंबर २०२३ मध्ये तिची मुदत २०२६ अखेरपर्यंत वाढवण्यात आली.

दुकानदारांच्या पोटाचा प्रश्न खोटा नव्हता. पण ज्यांच्या दारात परक्यांच्या गाड्या उभ्या राहतात, ज्यांच्या मुलांना अभ्यासापुरतीही शांतता मिळत नाही, त्या कुटुंबांसाठी कोणी बाजार बंद ठेवला? त्यांच्या काही संघटना न्यायालयात गेल्या, एवढेच. राजकीय पक्ष न्याय पाहत नाहीत, गर्दी पाहतात. तेव्हा उमेदवार मत मागायला आला की जाब विचारावा, तोही एकेकट्याने नव्हे, साऱ्या गल्लीने मिळून.