किताब वयामुळे अडतो की हजेरीमुळे?

"पंचविशीत बुद्धिबळ शिकून किताब मिळत नसतो, ते डोकं लहानपणीच घडावं लागतं." खारबावच्या गोदामात पाळी करणाऱ्या पोराला हे ऐकवणाऱ्यांनी आधी मीर सुलतान खान वाचावा. देशी बुद्धिबळ त्याला येत होतं. युरोपीय नियम मात्र विशी उलटल्यावर शिकला. १९२९, १९३२, १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं त्याने जिंकली. कापाब्लांकालाही हरवलं. मग ज्यांच्या पदरी तो होता ते सर उमर हयात खान मायदेशी परतले आणि त्याचा खेळ संपला. फिडेने ग्रँडमास्टर किताब दिला २०२४ मध्ये, मरणानंतर ५८ वर्षांनी! डोकं कुठे कमी पडलं होतं?

आज कँडिडेट मास्टरला २२०० रेटिंग लागतं, नॉर्म लागत नाहीत. सोपं मुळीच नाही. पण रेटिंग स्पर्धा म्हणजे प्रवेश फी, प्रवास आणि बुडालेली हजेरी. ज्यांना सवड आयती मिळाली, ते तिलाच मेरिट म्हणतात.

आणि आपण? जयंतीच्या वर्गणीतून डीजेला पैसे निघतात. विहारात चार पट, दोन घड्याळं आणि एका कामगार पोराची वर्षभराची फी का निघू नये? १४ एप्रिलच्या तयारीच्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी जरूर यावं.

जय भीम!