कांदा नव्हे, घड्याळ!

वर्गात, कचेरीत वा बसस्थानकावर एखाद्याला फेफरे आले की भोवती गर्दी जमते. कुणी कांदा फोडतो, कुणी पायातील वहाण काढून रुग्णाच्या नाकाशी धरतो. दोन-तीन मिनिटांत झटके थांबतात आणि श्रेय कांद्याला मिळते. वास्तविक बहुतेक झटके तेवढ्या अवधीत आपोआपच थांबतात. घात होतो तो न थांबणाऱ्या झटक्यांच्या वेळी. कारण तेव्हाही कांद्याचाच प्रयोग चालू राहतो आणि मोलाची मिनिटे निघून जातात.

त्या मिनिटांचा हिशेब मेंदूत कसा उमटतो, हे एमआरआय तपासणीत दिसते. लांबलेल्या झटक्यांत मज्जापेशींना क्षणाचीही उसंत मिळत नाही; त्यांची ऊर्जा अपुरी पडते, त्या सुजतात, पाण्याची हालचाल मंदावते आणि चित्रात तो भाग पांढरा उजळतो. मेंदूचा बाह्यस्तर, थॅलॅमस आणि स्मरणशक्तीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस ही त्याची नेहमीची ठिकाणे. प्रथमदर्शनी पक्षाघाताचा भास होतो. परंतु हा डाग बहुधा एकाच रक्तवाहिनीच्या क्षेत्रात सामावत नाही, यावरून जाणकार भेद ओळखतात.

असा डाग म्हणजे जन्माचा निकाल नव्हे. पुष्कळदा तो काही दिवसांत वा आठवड्यांत मावळतो. नेहमीच मात्र नाही. तापात दीर्घकाळ झटके आलेल्या मुलांच्या एका अमेरिकन पाहणीत २२ मुलांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये असा बदल दिसला. त्यांपैकी १४ मुलांची साधारण वर्षभराने पुन्हा तपासणी झाली, तेव्हा १० जणांत तो भाग आक्रसून व्रणयुक्त झालेला आढळला.

अपस्मारविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ साली सीमारेषा स्पष्ट केली: सर्वांगाचे झटके ५ मिनिटांपलीकडे गेले की तातडीचे उपचार हवेत, ३० मिनिटांनंतर कायमच्या हानीचा धोका असतो.

तेव्हा शिक्षकांनी, कारकुनांनी, विद्यार्थ्यांनी करावयाचे ते एवढेच: प्रथम घड्याळ पाहावे. रुग्णाला कुशीवर वळवावे, दाबून धरू नये, तोंडात काही घालू नये. पाच मिनिटे उलटताच रुग्णालयाची वाट धरावी. हा मजकूर प्रत्येक शाळेच्या फलकावर का असू नये? एमआरआयचे यंत्र प्रत्येक गावी असणार नाही. घड्याळ मात्र घरोघरी आहे.