परदेशातील शेती कोणी पाहावी?

महात्मा फुले यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा शेतकऱ्यांच्या दैन्याचे केवळ वर्णन करून ते थांबले नाहीत. सरकारने काय करावे हेही त्यांनी बारकाईने सांगितले. शेतकीची प्रदर्शने भरवावीत, औते हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात, उत्तम शेतकऱ्यांस बक्षिसे द्यावीत आणि शेतकऱ्यांच्या मुलांना विलायतेतील शेतकीच्या शाळा पाहण्यास पाठवावे, अशा त्यांच्या सूचना होत्या. शेतकऱ्यांच्या परदेशी अभ्यासदौऱ्याची कल्पना, म्हणजे, आजच्या एखाद्या सचिवालयात जन्मलेली नाही. ती शंभर वर्षांहून जुनी आहे. मात्र फुल्यांच्या सूचनेत एक क्रम होता. आधी परीक्षा, मग प्रवास. आज हा क्रम पाळला जातो का, हा खरा प्रश्न आहे.

राज्याच्या कृषी विभागामार्फत शेतकऱ्यांना इस्राएल, नेदरलँड्स, जपान, व्हिएतनाम यांसारख्या देशांत नेण्याची योजना आहे. खर्चाचा काही भाग शासन सोसते, उरलेला शेतकऱ्याने घालावयाचा असतो. या दौऱ्यांची ‘सरकारी सहल’ म्हणून थट्टा करणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. उद्योगपती, प्राध्यापक व अधिकारी परदेशी गेले तर तो अभ्यास आणि धोतर-टोपीतला माणूस विमानात बसला की ती चैन, ही विचारसरणी शहरी अहंकाराची आहे. आक्षेप घ्यायचा तो जाण्याला नव्हे. कोण जातो, काय पाहतो आणि परतल्यावर काय करतो, याला घ्यायला हवा.

इस्राएलचेच उदाहरण घेऊ. तेथे गेलेला आपला शेतकरी सर्वप्रथम ठिबक सिंचन पाहतो. सिम्खा ब्लास या अभियंत्याच्या कल्पनेतून हे तंत्र आकाराला आले आणि 1965 साली नेगेव वाळवंटातील हात्झेरिम या सामुदायिक वसाहतीने त्याचे उत्पादन हाती घेतले. परंतु ठिबकची नळी पाहण्यासाठी आता समुद्र ओलांडण्याची गरज उरलेली नाही. 1980 नंतरच्या दशकात जळगावात तिचे उत्पादन सुरू झाले आणि खानदेशातील केळीच्या बागांत ती रुळली. इस्राएलमध्ये पाहावयाचे आहे ते नळीमागचे शासन. 1955 साली तेथे पाणी मोजून देण्याचा कायदा झाला. 1959 च्या कायद्याने नदी, झरे, इतकेच नव्हे तर भूगर्भातील पाणीही सार्वजनिक मालमत्ता ठरले. जमिनीचा मालक असलेला मनुष्य तेवढ्यामुळे तिच्याखालील पाण्याचा मालक होत नाही. शहरांचे सांडपाणी शुद्ध करून त्यातील फार मोठा हिस्सा शेतीला पुरविला जातो.

आपल्याकडे काय झाले? महाराष्ट्राच्या 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात बारमाही पिकांसाठी ठिबक-तुषारचा आग्रह धरणारे कलम आले. पण कालव्यावरचा ऊस अजूनही मोठ्या प्रमाणावर पाटपाणीच पितो. यंत्र आले, शिस्त आली नाही. यंत्र खरेदी करता येते, अनुदानही मिळते; शिस्त मात्र समाजाला स्वतःच घडवावी लागते.

नेदरलँड्समध्येही तेच. आल्समीरचा फुलांचा लिलाव पाहून आपली मंडळी थक्क होतात, हरितगृहांची छायाचित्रे घेऊन येतात. तो लिलाव फुले पिकविणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे, ही गोष्ट त्या छायाचित्रांत दिसत नाही. सहकाराचा अभिमान मिरविणाऱ्या महाराष्ट्राने तिच्यावर अधिक विचार करायला हवा. कर्ज काढून हरितगृह उभारणारा आपला तरुण फूल विकताना एकटा पडतो. त्याचे हरितगृह डच असते, बाजार मात्र अडत्याचा असतो.

बाहेरचे जग नीट समजून घेतले तर काय साधते, हे नाशिक-सांगलीच्या द्राक्षांनी दाखवून दिले आहे. 2003 साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि निर्यात संकटात सापडली. त्यातून बागांची नोंदणी, प्रयोगशाळेतील तपासणी आणि पेटीचा माग थेट बागेपर्यंत लावण्याची व्यवस्था उभी राहिली. एवढे करूनही 2010 साली वाढनियंत्रक द्रव्याच्या अंशामुळे माल पुन्हा अडकला. आपली पेटी परदेशात कोण उघडतो, काय तपासतो आणि कशावरून नाकारतो, हे प्रत्यक्ष पाहिलेला बागायतदार फवारणीचा पंप वेगळ्या हाताने धरील. अशा दौऱ्याचा खर्च वसूल होतो.

आता निवडीचा मुद्दा. उरलेला खर्च घालू शकेल तोच जाणार, ही अट वरवर निरुपद्रवी दिसते. तिचा परिणाम असा, की आधीच पुढे असलेला बागायतदार आणखी पुढे जातो. बीड, यवतमाळमधील दोन-तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी अर्जही करीत नाही. शेतातील निम्म्याहून अधिक राबणूक करणाऱ्या स्त्रीची अडचण त्याहून मोठी. तिच्यासाठी जागा राखून ठेवली, तरी सातबारावर नाव पतीचे किंवा सासऱ्याचे असते. ज्यांना नवे शिकण्याची गरज सर्वांत अधिक, तेच या व्यवस्थेत मागे राहतात.

यास्तव काही गोष्टी तातडीने व्हाव्यात. अल्पभूधारकांचा आणि कसणाऱ्या स्त्रियांचा पूर्ण खर्च शासनाने करावा, भले त्यापायी दौऱ्यातील माणसे कमी होवोत. जाण्यापूर्वी कृषी विद्यापीठात आठवडाभर पूर्वतयारी असावी. सोबत शेतीची परिभाषा जाणणारा मराठी दुभाषी असावा. परतल्यावर प्रत्येकाने आपल्या ग्रामसभेत लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि वर्षभराने त्याच्या शिवारात काय बदलले, हे कृषी विभागाने जाहीर करावे.

आणि परदेशाच्या आधी प्रत्येकाने अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहून यावे. पावसाचा हिशेब मांडून पिके ठरविणारे, सिंचनासाठी कूपनलिका न खोदण्याचा निर्णय पाळणारे ते गाव आपल्याच मातीतले आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे होऊ नये. ते पाहून जो इस्राएलला जाईल, त्याला तेथे नळीखेरीज आणखी बरेच काही दिसेल.