मेर्लो द्राक्ष आणि आपली लागण नोंद



उसाच्या पत्रकात वाइनच्या द्राक्षाचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे, आणि ते थेट आपल्या लागणीच्या नोंदीशी आहे.

मेर्लो ही तांबड्या वाइनची जगभर खपणारी जात. तिचे मूळ ठिकाण फ्रान्समधला बोर्डो भाग. तिथे आजही सर्वांत जास्त क्षेत्र हिच्याच खाली आहे. फळ निळसर काळे, वाइन मऊ, तुरटपणा बेताचा. म्हणून नवख्यालाही ती चालते. फ्रेंच भाषेत 'मेर्ल' म्हणजे एक काळे पाखरू, त्यावरून हे नाव पडले म्हणतात. कोणी सांगतात रंगामुळे, कोणी सांगतात ती पाखरे हीच द्राक्षे आधी फस्त करतात म्हणून. आम्हाला दुसरे पटते. पिकलेले काय हे पाखराला आपल्या ब्रिक्सच्या यंत्राआधी कळते!

हिचा मोठा गुण म्हणजे लवकर पिकणे. शेजारच्या काबर्ने सोव्हिन्यों जातीपेक्षा ही आठ-पंधरा दिवस आधी तयार होते. चिकण मातीच्या गार रानात काबर्ने कच्ची राहते, तिथे मेर्लो साधते. फुटतेही लवकर, त्यामुळे उशिराच्या थंडीचा कडाका आला की कोंब जळतात. लवकर येणाऱ्या जातीचे असेच असते.

आता चिली देशाची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या बागायतदारांनी बोर्डोहून काड्या नेल्या. पुढे फिलॉक्सेरा नावाच्या मुळावरच्या किडीने फ्रान्सचे मळे बसवले. चिलीत ती कीड पोचली नाही. पण नेलेल्या काड्यांत मेर्लोबरोबर कार्मेनेर नावाची, दिसायला तिच्यासारखीच जात होती. दोन्ही एका रानात मिसळल्या आणि सगळ्यालाच मेर्लो म्हणू लागले. फ्रान्समध्ये कार्मेनेर जवळजवळ संपलेली, तेव्हा ओळखणार तरी कोण?

खरी अडचण तोडणीला. कार्मेनेर मेर्लोच्या मागून तीन-चार आठवड्यांनी पिकते. एकदमच तोड घेतली की तिचा माल कच्चा, आणि वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास. तिच्यासाठी थांबावे तर मेर्लो जास्त पिकून जाते. शेवटी नोव्हेंबर १९९४ मध्ये माँपेलिएचे जाणकार झां-मिशेल बूर्सिको चिलीत मळा बघत असताना त्यांनी फुलातले पिळवटलेले पुंकेसर पाहिले आणि सांगितले, ही मेर्लो नव्हे. १९९८ मध्ये चिली सरकारने कार्मेनेरला वेगळी जात म्हणून मान्यता दिली. आज वेगळी तोडून, वेगळ्या नावाने ती चिलीची खास वाइन म्हणून विकली जाते.

चिलीकरांचे अजाणतेपणी झाले. आपल्याकडे मात्र जाणून होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. रानात ८६०३२ किंवा २६५ उभा, आणि नोंदीत ६७१! कशासाठी, तर लवकर पिकणारी जात म्हणून तोड आधी मिळावी. सभासद असे का करतो तेही आम्हाला ठाऊक आहे. मार्चनंतर विहीर आटते, ऊस वाळायला लागतो, टोळी खुशाली मागते. कारखान्याच्या तोडीचा क्रम चुकतो तेव्हा सभासदाने चिडणे रास्तच आहे, आणि ते आम्हाला तोंडावर सांगावे.

पण नोंद खोटी करून हा प्रश्न सुटत नाही. वाइनवाला द्राक्ष घेताना साखर आणि चव बघतो, ज्याचा माल कच्चा त्यालाच फटका. आपला ऊस वजनावर जातो, आणि एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. म्हणजे एकाने नोव्हेंबरात कच्चा ऊस घातला की त्याची कसर सगळ्या सभासदांच्या दरातून जाते. ज्याने खरी जात लिहिली तो मागे राहतो, हे तर आणखी वाईट.

काहींच्या रानात खरोखरच भेसळ आहे. पाव्हण्याकडून बेणे आणले, तो म्हणाला ६७१, आपण लावले. डोळ्याचा आकार, कांडीचा बांधा, पाचटावरची कूस एवढे पाहिले तरी निम्मी भेसळ बेणे तोडतानाच ध्यानात येते. शंका असेल तर एक आख्खा ऊस वाढ्यासकट गट ऑफिसला आणा, आम्ही बघून सांगू. येत्या लागणीला बेणे कोणाच्या रानातून आणले ते चिटबॉयला नोंदीच्या वेळीच सांगावे. भेसळ असेल तर तशीच नोंद द्या. त्या प्लॉटचे ब्रिक्स आम्ही वेगळे घेऊ आणि त्यावरून तोड लावू.