तिकीट निम्मं झालं, गाडीचं काय?

मार्च महिन्यात आमच्या घरी दोन अर्थसंकल्प मांडले जातात. एक टीव्हीवर आणि दुसरा स्वयंपाकघराच्या ओट्याशी. टीव्हीवरचा आम्ही बायका फार तर दहा मिनिटं बघतो. गॅस वाढला का, सोनं उतरलं का, ह्यांच्या टॅक्सचं काय झालं, एवढं कळलं की रिमोट मुलांच्या हातात! कोटींचे ते आकडे आपल्या कामाचे नाहीत, असं मीही अनेक वर्षं समजत होते. माझा तो समज एका तालुक्याच्या एसटी स्टँडवर मोडला.

बाकावर शेजारी एक भाजीवाल्या मावशी रिकाम्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. सोबत दहावीतली नात. गप्पा सुरू झाल्या आणि मी सहज म्हणाले, ‘‘मावशी, बायकांना अर्धं तिकीट झालं ते बरं झालं ना?’’

‘‘बरं झालं की,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘पर निम्म्या तिकिटाची गाडी तर याया पायजे! साडेपाचची बंद केली, आता सातची. हिचा पास फुकट हाय, पर घरी जाईस्तोवर अंधार पडतो. हिचा बाप म्हणतो, असं असंल तर ऱ्हाऊ दे शाळा.’’

नात काही बोलली नाही. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसली होती.

मैत्रिणींनो, त्या दिवशी घरी आल्यावर मी जुनी वर्तमानपत्रं काढून बसले. ९ मार्च २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात महिलांना एसटीच्या प्रवासात सरसकट ५० टक्के सवलत जाहीर झाली आणि १७ मार्चपासून ती लागूही झाली. आठ दिवसांत प्रत्यक्षात आलेली सरकारी घोषणा तशी विरळाच! बाजारहाट, माहेर, दवाखाना, देवदर्शन. बायका हिंडू लागल्या, स्टँडवर गर्दी वाढली. या निर्णयाला नावं ठेवणारी मी नव्हे.

पण सवलत जाहीर सरकार करतं आणि गाडी चालवतं महामंडळ. तिकिटाची उरलेली निम्मी रक्कम सरकारनं महामंडळाला भरून द्यायची असते. ती रखडली, की डिझेल, टायर, पगार सगळंच रखडतं. करोनापूर्वी १८ हजारांच्या आसपास असलेल्या एसटीच्या गाड्या पुढच्या काही वर्षांत १५ हजारांच्या घरात आल्या. जून २०२५ मध्ये एसटीची श्वेतपत्रिका निघाली, तेव्हा साठलेला तोटा १० हजार कोटींच्या वर गेलेला होता. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं होतं. म्हणजे आपण निम्मं देतो खरं, पण ते वाढलेल्या भाड्याचं निम्मं. आणि गाड्या कमी पडल्या की गदा कुणावर येते? कमी उत्पन्नाच्या खेड्यातल्या फेरीवर. मावशींच्या साडेपाचच्या गाडीवर.

घर चालवणाऱ्या बाईला हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पाहुण्यांना जेवायला बोलावलं आणि पीठच मळलं नाही, तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे!

दुसरं उदाहरण शाळेतल्या अंड्याचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्या मुलांसाठी केळं. घरात अंडं क्वचितच शिजतं अशा मुलांना तो दिवस सणासारखा. जानेवारी २०२५ मध्ये नवा आदेश निघाला. अंड्यासाठी आता सरकारी पैसे मिळणार नाहीत. द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्यावं. अर्थसंकल्पाच्या भाषणात हे कुणी वाचून दाखवलं नाही. घोषणा माइकवरून होते, कपात कागदावर होते.

आणि काही वेळा तर कागदही लागत नाही. आकडा तोच ठेवला की झालं! अंगणवाडीतल्या मुलाच्या पूरक आहारासाठी दिवसाला ८ रुपये आणि गरोदर वा स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये, हा दर केंद्रानं २०१७ मध्ये ठरवला. २०२४ उजाडलं तरी तोच. या सात वर्षांत डाळ, तेल, सिलिंडर कुठे गेले, हे तुम्हाला मी सांगायला नको. दर तोच राहिला, म्हणजे वाटीतलं कमी झालं. सासूबाईंनी २०१७ इतक्याच पैशांत आजचा महिना काढायला सांगितला, तर आपण काय म्हणू?

आता थोडं नाजूक विषयाबद्दल. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ‘लाडकी बहीण’ योजना आली. महिन्याला १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात. नवऱ्यापुढे हात न पसरता औषध आणता येणं काय असतं, हे ज्यांना कधी पसरावा लागला नाही त्यांना कळणार नाही. म्हणून ‘फुकटचे पैसे’ असं नाक मुरडून बोलणं मला पटत नाही. पण मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांच्या वाट्याचे सातशे कोटींहून अधिक रुपये या योजनेकडे वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. याच खात्यांच्या पैशांवर वसतिगृहं चालतात, शिष्यवृत्त्या मिळतात. तिथेही मुली आहेतच की! एका बहिणीच्या ताटातलं काढून दुसरीला वाढलं, तर त्याला ओवाळणी कसं म्हणायचं?

शेवटी प्रश्न हाच, की सरकारी सेवा आटली की ते काम करतं कोण? दवाखान्यात माणूस कमी असेल, तर आजाऱ्याच्या उशाशी घरातली बाई बसते. अंगणवाडी वेळेवर उघडली नाही, तर आई मजुरी बुडवते. नळाला पाणी नसेल, तर हंडा तिच्याच कमरेवर. २०२४ च्या सरकारी पाहणीनुसार घरातल्या बिनपगारी कामात बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. अर्थसंकल्पात वाचवलेला पैसा बरेचदा या २८९ मिनिटांतून वसूल होतो. त्याची पावती कुणी देत नाही.

यावर उपाय म्हणून केंद्रानं २००५-०६ पासून अर्थसंकल्पासोबत महिलांसाठीच्या खर्चाचं वेगळं विवरणपत्र द्यायला सुरुवात केली. चांगलंच आहे. पण विवरणपत्रात आकडा दिसला म्हणजे गाडी आली असं होत नाही. म्हणून बघायचं कसं, तेही सांगते. अर्थसंकल्पात एकाच खर्चासाठी वेगवेगळे रकाने असतात: यंदाचा अंदाज, सरत्या वर्षाचा सुधारित अंदाज आणि त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. भाषण पहिल्या रकान्याचं होतं. आपण बाकीचे दोन वाचायचे. गेल्या खेपेला दिलेला शब्द पाळला का, ते तिथे दिसतं.

आणि मुंबईपर्यंत जायलाच हवं असंही नाही. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला आणि बालकांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे. तिथे हळदीकुंकू होऊ द्या, त्याला माझी ना नाही. पण वाण घेऊन उठण्याआधी एकीनं तरी विचारावं, ‘गेल्या वर्षीचे दहा टक्के कुठे गेले?’ आणि सगळ्याजणींनी मिळून आगारप्रमुखांना एक अर्ज लिहावा, ‘आमची साडेपाचची गाडी परत सुरू करा.’

दूधवाल्याचा एक खाडा आपण विसरत नाही. वाण्याच्या बिलातले दोन रुपये आपल्या नजरेतून सुटत नाहीत. मग हाच हिशोब तेवढा आपण इतकी वर्षं दुसऱ्यांवर का सोपवला?