टायर मोठे केलेत, दात मोजलेत का?

पहिली पाळी सुटायच्या वेळेला सातपूरला त्र्यंबक रोडवर, पपया नर्सरीच्या सिग्नलला उभं राहा. दहा-पंधरा मिनिटांत एक तरी थार येईल, जी कारखान्याच्या गेटमधून निघाली तेव्हा अशी नव्हती. दोन इंच उचललेली, मडगार्डच्या बाहेर आलेले तेहतीस इंची मड टायर, पुढे विंच, टपावर लाइटची पट्टी. सिग्नल हिरवा होतो. शेजारची रिक्षा निघून जाते. थार आधी ओरडते, मग हलते. चालवणाऱ्याचा डावा पाय अर्ध्या क्लचवर आहे, हे बाहेर उभं राहून नुसत्या आवाजावरून कळतं.

त्या आवाजामुळेच हे लिहितोय. म्हणणं सरळ आहे. अ‍ॅक्सलचे गिअर न बदलता मोठे टायर लावले, तर गाडी ताकदवान होत नाही, दुबळी होते. आणि हे न सांगता जो दुकानदार टायर आणि लिफ्ट किट विकतो, तो गिऱ्हाइकाला फसवतो. ‘भावा, लूक बघ ना’ हे त्यावरचं उत्तर नाही.

मी सातपूर एमआयडीसीत गिअर कापणाऱ्या एका छोट्या शॉपमध्ये काम करतो. दिवसभर दात मोजणं हाच धंदा. तरीही स्वतःच्या गाडीचे दात मी मोजले नव्हते. तिकडे नंतर येतो, आधी हिशेब करू.

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून येते आणि एका लांब शाफ्टने मागच्या अ‍ॅक्सलच्या पोटात जाते. तिथे शाफ्टच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असतं, पिनियन. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, तो क्राउन. समजा क्राउनला ४१ दात आहेत आणि पिनियनला ११. भागाकार करा: ३.७३. म्हणजे शाफ्टचे जवळजवळ पावणेचार फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. फेरे कमी झाले, त्या बदल्यात जोर वाढला. गिअरच्या सायकलवर चढ लागला की आपण मागची मोठी चकती निवडतो, तोच हा व्यवहार. फरक इतकाच की अ‍ॅक्सलमधली ‘चकती’ कारखान्यात एकदाच ठरते, आणि ती ठरवताना टायरचा व्यास गृहीत धरलेला असतो.

आता टायर घ्या. २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या थारच्या खालच्या मॉडेलला २४५/७५ आर १६ टायर होते. आकड्यांतूनच व्यास निघतो: सुमारे ७७४ मिलिमीटर. दुकानात ज्याला ‘तेहतीस’ म्हणतात, त्या २८५/७५ आर १६ चा व्यास साधारण ८३४. फरक ६० मिलिमीटर, पावणेआठ टक्के. म्हणजे तुमचं ३.७३ आता ३.४६ असल्यासारखं वागतं. प्रत्येक गिअर, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, लांब झाला. जमिनीवर जिथे १०० चा जोर पोचत होता, तिथे ९३ पोचतो. वर टायर जड, आणि जड चाक फिरवायला आणि थांबवायला दोन्हीकडे जास्त कष्ट. काट्यावर ८० दिसतं तेव्हा गाडी ८६ च्या आसपास धावत असते.

हा तोटा भरून काढायचा तर अ‍ॅक्सलला ४.०२ च्या जवळचा गिअर लागतो. सहज बसणारा आकडा ४.१०, म्हणजे क्राउन ४१, पिनियन १०. अकराच्या जागी दहा. सगळा फरक एका दाताचा. पस्तीस इंची टायरला गेलात तर पिनियन नऊ दातांचा, ४.५६ लागेल.

इथे मित्रमंडळी तीन उत्तरं देतात. तिन्ही मी स्वतःही दिलेली आहेत.

पहिलं: डिझेलला ३०० न्यूटन मीटर टॉर्क आहे, पुरे की. आहे, पण तो इंजिनाचा. टायर मोठा करून तुम्ही त्यात एका न्यूटन मीटरचीही भर घातली नाही. त्याच्यासमोर लांब हाताचं ओझं ठेवलंत. बादली हात कोपरात दुमडून धरा, मग तीच हात सरळ लांब करून धरा. बादली तीच, दंडही तोच.

दुसरं: रीमॅप करून घेऊ. करा. मग वाढलेला टॉर्क त्याच क्लच प्लेटमधून जाणार. आणि तो वाढतो इंजिन फिरायला लागल्यावर. दगडावरून इंच-इंच चढताना इंजिन आयडलच्या जरा वर असतं. तिथे सॉफ्टवेअरचा फारसा उपयोग नसतो, दातांचा असतो.

तिसरं: फोर-लो आहे ना! आहे, आणि चिखलात ते देवासारखं धावून येतं. पण ही गाडी पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे. कोरड्या डांबरावर फोर-लो टाकून वळणं घेतलीत तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस मार खातो. कसारा घाट फोर-लोमध्ये उतरत नाहीत. आणि तुमच्या गाडीचे शंभरातले पंच्याण्णव किलोमीटर डांबरावरच जातात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

घाटाचं नाव निघालंच आहे, तर माझी गोष्ट सांगतो. मीही टायर बदलले होते. लिफ्ट, तेहतीस इंची टायर, सगळं एका दिवसात. दुकानदाराने गिअरचा विषय काढला नाही आणि मी, गिअर कापणारा माणूस, विचारलं नाही. पहिले दोन महिने गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला फोटो काढण्यात गेले. मग एका लग्नासाठी आई आणि धाकट्या भावाला घेऊन कल्याणला निघालो. कसारा घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पूर्वी जशी धरून राहायची तशी राहीना. ते स्वाभाविकच होतं. लांब झालेल्या गिअरमध्ये इंजिन ब्रेकिंगही कमी होतं. म्हणून पाय ब्रेकवर. पण ब्रेकच्या डिस्क जुन्या मापाच्याच, आणि मोठ्या चाकावर त्याच ब्रेकची पकड त्याच पावणेआठ टक्क्यांच्या हिशेबाने कमी पडते. चाकंही जड. पाचव्या-सहाव्या वळणाला जळका वास आला, नंतर पेडल खोल गेलं. समोर ट्रक होता. मी गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. आईच्या कपाळाला तीन टाके पडले. एवढ्यावर भागलं. ती अजूनही माझ्या शेजारच्या सीटवर बसत नाही. ‘मागेच बरं वाटतं रे,’ म्हणते.

दोष गाडीचा नव्हता. कारखान्यातून आली होती तशी ती त्या घाटात कितीतरी वेळा उतरली होती. आकडेमोड मी बिघडवली होती.

हे सगळं ‘ओव्हर-इंजिनिअरिंग’ वाटत असेल तर जीप कंपनी काय करते ते बघा. रँग्लर रुबिकॉनला कारखान्यातूनच तेहतीस इंची टायर येतात आणि त्यासोबत ४.१० चा अ‍ॅक्सल गिअर. त्याच गाडीचं पस्तीस इंची टायरचं ‘एक्स्ट्रीम रेकॉन’ पॅकेज कंपनीने आणलं, तेव्हा नुसते टायर दिले नाहीत. सस्पेन्शन दीड इंच उचललं आणि अ‍ॅक्सल ४.५६ चा केला. ज्यांच्याकडे इंजिनाला तोटा नाही, ते लोक टायरसोबत दात बदलतात. आपण स्टिकर बदलतो.

आणखी मागे जा. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने जी विलिज जीप इथे जोडायला सुरुवात केली, त्या सीजे-३बीला सहा इंच रुंदीचे सडपातळ टायर होते, आजच्या कॉलेजकुमाराला हसू येईल असे. पण अ‍ॅक्सलमध्ये ५.३८ चा गिअर होता: क्राउन ४३, पिनियन ८. पेठ-सुरगाण्याच्या मातीच्या रस्त्यांवर माणसं, पोती आणि बाळंतिणी वाहून नेणाऱ्या जुन्या जीपा याच घराण्यातल्या. चढ चढवायचे ते त्यांचे दात. टायर फक्त जमीन धरायचे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. मोठ्या टायरचा एक खरा फायदा आहे आणि तो दुसऱ्या कशानेही मिळत नाही. लिफ्ट किट बॉडी उचलतं, पण मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा तिथेच राहतो. तो दगडापासून वर उचलायचा तर टायरच मोठा लागतो. तेहतीसने तो ३० मिलिमीटर वर जातो. खडकाळ ट्रेलवर हे ३० मिलिमीटर मोलाचे आहेत. म्हणून मोठा टायर म्हणजे मूर्खपणा, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की तो यादीतला शेवटचा खर्च आहे. आधी गिअर, मग ब्रेक, मग टायर. आपल्याकडे यादी उलटी चालते आणि पहिल्या ओळीवरच संपते.

का संपते? कारण गिअर दिसत नाही. रील काढायला टायर आहे. क्राउन-पिनियन अ‍ॅक्सलच्या पोटात, काळ्या तेलात बुडालेला. त्याचा फोटो कोण लाइक करणार? शिवाय काम किचकट. फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा, दोन्ही अ‍ॅक्सलचे गिअर एकाच आकड्याचे बदलावे लागतात. एकच बदलला आणि फोर बाय फोर टाकलं तर काहीतरी तुटणारच. पिनियन किती आत बसतो ते शिम घालून जुळवायचं, बॅकलॅश डायलवर मोजायचा, दातांना रंग लावून घास कुठे पडतो ते बघायचं. चुकलं तर काही दिवसांत अ‍ॅक्सल रडायला लागतो. टायर बदलायला जॅक आणि अर्धा तास पुरतो. दुकानदार काय विकेल?

पण हे कारण सातपूरला शोभत नाही. ज्या वसाहतीत थार बनते, जिथे सिएटचा टायरचा कारखाना आहे, मायकोने इंधनाच्या नोझलचं मायक्रॉनमधलं काम दोन पिढ्यांना शिकवलं, आयटीआयमधून दर वर्षी फिटर-टर्नर बाहेर पडतात, तिथे शिम आणि बॅकलॅश अवघड आहे असं कुणी म्हणू नये. हात आहेत. मागणी नाही, कारण गिऱ्हाइकाने मागायचं असतं हेच त्याला माहीत नाही.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचे तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठाम सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ग्रुपवर याला ‘हप्तेवसुली’ म्हणून हसतात. मी हसत नाही. थारला नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले, ते कारखान्यातून निघालेल्या गाडीला. आठ सेंटिमीटर उंच झालेल्या, वेगळ्या टायरच्या गाडीची तशी परीक्षा कुणी घेतलेली नाही. त्या गाडीसमोरून शाळेतून घरी निघालेलं पोर सायकलवर येत असतं, त्याने तुमच्या हौसेची जोखीम का घ्यावी?

तरीही कायद्याशी माझं एक भांडण आहे. तो डोळ्यांना दिसणारं पकडतो. टायर आणि ब्रेक दोन्ही नीट करणारा आणि नुसता टायर लावणारा, दोघे त्याच्या लेखी सारखेच. मग नीट करायचं कशाला, असा धडा पोरं घेतात. याच देशात सीएनजी किटसाठी रस्ता निघालाच ना? मंजूर किट, अधिकृत बसवणारा, आरसीवर नोंद. गॅसची टाकी डिकीत ठेवायची परवानगी आपण तपासणी करून देऊ शकतो, तर टायर, गिअर आणि ब्रेक एकत्र असलेल्या किटची तपासणीही होऊ शकते. पुण्यात एआरएआयसारखी संस्था आहे. जर्मनीत असे बदल तपासून गाडीच्या कागदावर चढवतात. ऑफ-रोड क्लबांनी मागणी करायची तर ही करावी. दंड चुकवायच्या गल्ल्या शेअर करण्यापेक्षा ती जास्त मर्दानी आहे.

तो रस्ता निघेपर्यंत माझं मत कडक आहे. सार्वजनिक रस्त्यावर गाडी कारखान्याने दिली तशीच ठेवा. बंद ट्रॅकवरच्या स्पर्धेसाठी वेगळी गाडी बांधत असाल तर पूर्ण बांधा, आणि ती तिथे ट्रेलरवर न्या.

मी माझे टायर विकले. घेणाऱ्या मुलाला, विशीतला असेल, मी विचारलं, ‘तुझ्या पिनियनला दात किती?’ तो हसला, म्हणाला, ‘दादा, ते कोण मोजतं?’ मी त्याला कसारा घाटाची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली, पैसे दिले आणि टायर घेऊन गेला. मी ते विकायलाच नको होते, हे मला तो कार्बन नाक्याला वळल्यावर सुचलं.