सर्व्हिसिंग झाले, पण ट्रॅक्टर चालूच होईना

पऱ्हे टाकल्यापासून रोवणीपर्यंत जे तीन-चार आठवडे मिळतात, त्यांत घरोघरी ट्रॅक्टरची निगराणी चालते. भंडारा जिल्ह्यात, लाखनी-साकोलीपासून खाली लाखांदूर-पवनीपर्यंत, हे दरसालचेच चित्र. इंजिन ऑइल बदलायचे, डिझेलचे फिल्टर बदलायचे, एअर क्लीनर धुवायचा, बॅटरीची टोके घासायची. ही कामे घरच्या घरी करावीत, त्यात चार पैसे वाचतात आणि यंत्राची ओळखही होते. पण कित्येक ठिकाणी असे घडते की सगळे आटोपून, हात पुसून किल्ली फिरवावी, तर कालपर्यंत मुकाट्याने चालणारा ट्रॅक्टर रुसून बसतो. इकडे बांध्या पाण्याने भरलेल्या, केजव्हील चढवून ठेवलेले, रोवणीच्या बायांची टोळी उद्या सकाळी यायची ठरलेली. पऱ्हे फार वयाचे झाले की फुटवे कमी येतात हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक. आणि या दिवसांत मेकॅनिक म्हणजे लग्नसराईतला आचारी. आज निरोप धाडला तर तो परवा उगवायचा.

अशा वेळी माणूस घाबरतो, आणि घाबरला की आणखी काहीतरी उघडू लागतो. कोणी नोझल काढा म्हणतो, कोणी पंप उतरवा म्हणतो. हे अगोदर थांबवावे. ट्रॅक्टर काल चालत होता, आज चालत नाही, आणि मधल्या काळात फक्त आपला हात फिरला आहे. एका रात्रीत रिंगा झिजत नाहीत, पंप म्हातारा होत नाही. तेव्हा बिघाड बहुधा जिथे आपण पाना लावला तिथेच असणार. चहाचा कप घेऊन बाजेवर बसावे आणि काय काय उघडले ते शेवटापासून सुरुवातीकडे आठवावे. जवळ कोणी मदतीला असेल त्यालाही विचारावे, कारण चिंधी कुठे ठेवली हे पुष्कळदा त्यालाच आठवते.

मग एवढेच पाहावे, की किल्ली फिरवल्यावर स्टार्टर इंजिन फिरवतो की नाही. यावरून शोधाची दिशा ठरते.

स्टार्टर फिरत नाही, नुसता टक् असा आवाज येतो किंवा तोही येत नाही, तर समोरचे दिवे लावून पुन्हा किल्ली फिरवावी. दिवे एकदम मावळले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टोके नीट बसलेली नाहीत. बॅटरीची टोके घासून लगेच त्यांना ग्रीस फासण्याची पद्धत आहे, पण ग्रीस अगोदर लावले आणि वरून टर्मिनल चढवले की शिशाला शिसे भिडत नाही. टर्मिनल कोरडे, चकचकीत करून घट्ट आवळावे, नंतर वरून ग्रीस लावावे. बॅटरीपासून चॅसीकडे जाणारी अर्थिंगची पट्टीही तपासावी. ती सोडली असेल तर तिच्या नटाखालचा गंज आणि रंग खरवडला पाहिजे. टर्मिनल काढताना निगेटिव्ह अगोदर आणि चढवताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम मोडू नये, नाहीतर पाना बॉडीला टेकून ठिणगी पडते. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो, म्हणून जवळ विडी नको. पाणी घालायचे ते डिस्टिल्ड, विहिरीचे नव्हे.

दिवे मात्र लखलखीत राहिले आणि स्टार्टर हूं की चूं करीत नाही, तर लक्ष दुसरीकडे न्यावे. पुष्कळ ट्रॅक्टरांना क्लचच्या पायदानाशी किंवा गिअरच्या दांड्याशी एक सुरक्षा-स्विच असतो. क्लच पुरता दाबलेला नसेल किंवा गिअर न्यूट्रलमध्ये नसेल तर तो स्टार्टरकडे वीज जाऊ देत नाही. ट्रॅक्टर धुताना, चिखल खरवडताना या स्विचची वायर निसटते किंवा आत पाणी शिरते. क्लच पूर्ण दाबून पाहावा, दोन्ही दांडे हलवून न्यूट्रलमध्ये आणावेत, मग वाकून वायर पाहावी. बहुतेक वेळा काम तेवढेच असते.

आणि इथेच गावातला एखादा हुशार गडी म्हणतो, ‘‘भाऊ, पेचकस द्या इकडं, डायरेक्ट करून देतो.’’ स्टार्टरच्या दोन टोकांवर पेचकस आडवा धरला की ट्रॅक्टर चालू होतो हे खरे आहे. पण हे करणारा माणूस जमिनीवर, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधोमध उभा असतो. स्विच कदाचित बिघडलेला नसेलच, ट्रॅक्टर गिअरमध्ये आहे म्हणूनच तो स्टार्टर अडवून धरीत असेल. मग पेचकस लावताच इंजिन पेट घेते आणि मागचे मोठे चाक सरळ त्या माणसाच्या अंगावर येते, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. अमेरिकेत अशा तऱ्हेने इतके शेतकरी गेले की तिथल्या कंपन्यांनी स्टार्टरजवळच इशाऱ्याची पट्टी चिकटवायला सुरुवात केली. सीटवर बसूनच चालू करा, गिअरमध्ये चालू केल्यास मृत्यू, अशा अर्थाची ती पट्टी असते. आपल्याकडे तर अंगणात ट्रॅक्टरभोवती लेकरेही खेळत असतात. घरातल्या बायकांनी या एका बाबतीत पुरुषमाणसांचे मुळीच ऐकू नये. पेचकस काढून घ्यावा, रुसवे-फुगवे झाले तरी चालतील.

आता दुसरा प्रकार. स्टार्टर गरागरा फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. निगराणीनंतरचा हा सगळ्यात जास्त आढळणारा त्रास.

अगोदर फुकटातले पाहून घ्यावे. इंजिन बंद करायची स्टॉपरची दांडी ओढलेलीच राहिली आहे काय? टाकीखालचा कॉक उघडा आहे काय? एअर क्लीनर धुताना धूळ आत जाऊ नये म्हणून पाइपात चिंधी कोंबली होती, ती काढली काय? ऑइलवाल्या एअर क्लीनरच्या वाटीत तेल खुणेपर्यंतच आहे काय? तेल जास्त झाले तर इंजिन ते ओढून घेते आणि मग स्टॉपर ओढूनही न थांबता त्या तेलावरच सुसाट पळत सुटते. ते चालू न होण्यापेक्षा वाईट.

हे सगळे ठीक असेल आणि आपण डिझेलचा फिल्टर बदलला असेल, तर जवळजवळ खात्रीने समजावे की इंजिनाने एअर घेतली आहे.

हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला तिच्या मूळ जागेच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यात दाबतो, ती हवा पाचशे अंशांच्याही वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलची बारीक फवार उडाली की आपोआप भडका होतो. नोझल उघडण्यासाठी डिझेलचा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट आणि त्याहूनही अधिक लागतो. पंपाचा दट्ट्या हा दाब निर्माण करतो, पण त्याची चाल असते काही मिलिमीटरचीच. डिझेल दबत नाही म्हणून एवढीशी चाल पुरते. मात्र नळीत हवेचा बुडबुडा असला की दट्ट्या ती हवाच दाबतो आणि सोडतो, दाबतो आणि सोडतो. नोझल मिटलेलेच राहते. गंमत अशी की रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन चालवून दाखवले, तेव्हा इंधन आत फुंकण्यासाठी त्यांनी दाबलेली हवाच वापरली होती. पुढे १९२७ पासून बॉश कंपनीचे पंप कारखान्यातून बाहेर पडू लागले, हवेचे ते अवजड यंत्र गेले, आणि तीच हवा नळीतली वैरीण झाली. आपले मेकॅनिक ज्याला मायको पंप म्हणतात तो याच घराण्यातला.

म्हणून अशा वेळी धक्का मारणे, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढणे, एअर पाइपशी पेटती चिंधी धरणे हे सगळे व्यर्थ, आणि चिंधी तर धोक्याचीच. डिझेल पोचतच नाही तर जळणार काय? किल्ली धरून बसण्यातही अर्थ नाही. एका वेळी दहा-पंधरा सेकंदच स्टार्टर मारावा आणि मधे मिनिटभर थांबावे. नाहीतर बॅटरी उतरते, स्टार्टर जळतो, आणि एका बिघाडाचे तीन होतात.

एअर काढायची ती टाकीकडून इंजिनाकडे. टाकी निदान अर्धी भरलेली असावी. फिल्टरच्या डोक्यावर एअरचा छोटा स्क्रू असतो, तो दोन आटे सैल करावा आणि फीड पंपावरचा हाताचा प्रायमर मारीत राहावे. अगोदर फुसफुस होते, मग फेसाळ डिझेल येते, मग बुडबुड्यांविना सलग धार येते. ती धार चालू असतानाच स्क्रू आवळावा, धार थांबल्यावर नव्हे. दोन फिल्टर असतील तर अगोदर टाकीजवळचा, मग दुसरा. त्यानंतर पंपावरचा स्क्रू याच रीतीने. पंपाच्या जातीप्रमाणे स्क्रूच्या जागा बदलतात, कंपनीच्या पुस्तकात चित्र असते. ते पुस्तक कोठीत धानाच्या पोत्याखाली न ठेवता हाताशी ठेवावे.

एवढ्यावर इंजिन बहुधा धरते. न धरल्यास नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट नोझलपाशी एक आटा सैल करावेत, स्टॉपर आत, हात-अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण. या कामाला दोन माणसे हवीत. एकाने सीटवर बसून गिअर न्यूट्रल, ब्रेक लावलेला ठेवावा आणि सांगितल्यावरच किल्ली फिरवावी. मुलगी किंवा सून हे काम उत्तम करते, कारण ती सांगण्याआधी किल्ली फिरवीत नाही. नटापाशी डिझेलची उसळी दिसू लागली की थांबून नट आवळावेत. बोट मात्र तिथे लावू नये. दाबाखालची बारीक फवार कातडीतून आत शिरते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आतले मांस सडते. असे झाल्यास तासाचाही विलंब न लावता मोठ्या दवाखान्यात जावे आणि डिझेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

ही नट सैल करण्याची युक्ती जुन्या पंपाच्या ट्रॅक्टरांपुरतीच. १ जानेवारी २०२३ पासून आपल्या देशात ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि त्यांत कॉमन रेल इंजिने आली. डिझेलच्या नव्या जीप-गाड्यांतही तीच असतात. त्यांच्या नळीतला दाब हजार पटींच्या पुढे जातो. त्यांच्या जाड नळ्यांना घरी पाना लावूच नये, फक्त फिल्टरवरचा प्रायमर मारून पाहावा.

चालू होऊन पाच मिनिटांनी पुन्हा बंद पडला, तर हवा अजून कुठून तरी आत येते आहे. यात नव्याण्णव वेळा रबरी रिंगचा दोष. जुनी रिंग वर चिकटून राहते आणि तिच्यावरच नवी बसते, किंवा नवी पाकिटातच राहून जाते. तांब्याचे जुने वॉशर पुन्हा वापरले तरी हेच होते. फिल्टर काढून डोक्याच्या खाचेत बोट फिरवून पाहावे. विहिरीवरच्या डिझेल इंजिनालाही हेच सगळे लागू, फक्त नळी एकच असल्याने काम लवकर होते.

पेट्रोलच्या गाडीत एअरचे हे प्रकरण नसते. तिथे प्लग साफ केल्यावर वायरी उलटसुलट बसतात. जुन्या मारुती ८०० चा क्रम १-३-२, अँबॅसेडरचा १-३-४-२. वायरी काढण्यापूर्वी प्रत्येकीला दोऱ्याच्या एक, दोन, तीन गाठी बांधाव्यात.

इतके करूनही ट्रॅक्टर उठला नाही तर मेकॅनिकला बोलवावे आणि तो येईपर्यंत काही उघडू नये. काढलेला जुना फिल्टर, नव्याचे खोके, उरलेले वॉशर, सगळे एका डब्यात घालून त्याच्यापुढे ठेवावे आणि काय काय सोडले ते न लाजता क्रमाने सांगावे. खोक्यावरचा नंबर पाहूनच कित्येकदा त्याला कळते की दुकानदाराने दुसऱ्याच मॉडेलचा फिल्टर दिला आहे.